गोजरबाईच्या त्रेचाळीस टाक्या

खामखेडात कुणाला गोबरगॅसची टाकी बांधायची असली की आधी गोजरबाईची अट ऐकून घ्यावी लागे. विटा कुठल्या भट्टीच्या, वाळू चाळलेली आहे का, खड्डा किती हात, ही बोलणी नंतरची. अट अशी, की टाकीत गॅस धरला की घरातली शेगडी गोजरबाई स्वतःच्या हातानं पेटवणार, तीही स्वयंपाकघरात बसून. आणि त्या पहिल्या जाळावर जो चहा होईल, तो घरच्यांसोबत घरच्यांच्याच कपातून पिणार. पटत असेल तर बोला, नसेल तर दुसरा गवंडी बघा. आणि दुसरा गवंडी बिडकीनपासून पैठणपर्यंत कुठं नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि गावालाही.

अट ऐकायला साधी. पण गोजरबाई बौद्धवस्तीतली, आणि खामखेड काही लंडनला नव्हतं. ज्या घरांच्या ओसरीवर तिच्या सासूला उभ्या जन्मात कुणी ‘बस’ म्हटलं नाही, त्याच घरांच्या स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत हिला जायचं होतं. लोक म्हणत, बाई हेकट आहे. ती म्हणे, "हाय की. साबनाचं पानी लावून एकेक सांधा बघितल्याबिगर मी गॅस सोडीत नाय, अन् शेवटचा सांधा तुमच्या सैपाकघरातच हाय. मंग आत आलेलं मानूस उभ्या उभ्या कामून परत जाईल?" सांध्याचं कारण खरं होतं. चहाचं कारण तिचं स्वतःचं होतं, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही.

ती गवंडी झाली ती नवऱ्यामुळे. बन्सी साळवे हा मूळचा कारागीर. शहर तेव्हा वाळूजकडे, चिकलठाण्याकडे, साताऱ्याच्या डोंगराकडे असं चारी अंगांनी सुटलं होतं. जिथं काल ज्वारी उभी होती तिथं आज पार्किंगसकट पाच मजले. बन्सी सोमवारी पहिल्या एसटीनं जायचा, शनिवारी परत यायचा, आणि गोजरबाई त्याच्या हाताखाली बिगारी, डोक्यावर मालाची घमेली वाहणारी. मग सरकारनं गोबरगॅस बांधायचं दहा दिवसांचं प्रशिक्षण काढलं. बन्सीनं ते केलं, दाखला मिळवला, चौकटीत घालून भिंतीला लावला. दोन महिन्यांनी तो परांचीवरून पडला आणि कंबरेतून गेला. दाखला भिंतीवर आणि माणूस खाटेवर, अशी घराची मांडणी झाली.

गोजरबाई रडली ती आठ दिवस. नवव्या दिवशी तिनं दिराला हाक मारली आणि दोघांनी मिळून बन्सीची खाट उचलून नेली ती थेट यमुनाबाई कुलकर्णींच्या गोठ्यामागं, जिथं टाकीचा खड्डा खणून तयार होता. बन्सी खाटेवरून सांगत गेला, ही करत गेली. "मदी खुंटी ठोक. तिला सुतळी बांध. प्रत्येक वीट सुतळीच्या टोकाला. सुतळी ढिली पडली, तर वीट चुकली." खालून कसलाही टेकू नाही, फळी नाही; विटा एकमेकींच्या अंगावर रेलत वर जातात आणि शेवटी घुमट मिटतो. अकरा वर्षं नवऱ्याच्या हाताखाली माल वाहताना बाईनं डोळे काही मिटून ठेवले नव्हते. तिसऱ्या टाकीला बन्सीची खाट घरीच राहिली.

पण त्या पहिल्या टाकीचं घोडं अडलं ते चहावर. यमुनाबाई एकट्या राहत. मुलगा श्रीनिवास शहरात बँकेत. आईच्या डोळ्यांना धूर सोसत नाही म्हणून त्यानंच टाकी मंजूर करून आणलेली. गोजरबाईनं अट त्याला सांगितली, त्यानं शहरातल्या सवयीनं ‘हो हो’ म्हटलं, आणि आईला सांगायचं सोयीस्करपणे विसरला. टाकी भरली, तीन आठवड्यांत गॅस धरला, गोजरबाई पाना घेऊन दाराशी आली, तर उंबऱ्यात यमुनाबाई.

"नळी खिडकीतून आत दे. गडी जोडेल."

गोजरबाईनं तोटी बंद केली, पाना पिशवीत टाकला आणि सरळ घर गाठलं. गडी म्हणाला, मला काय कळतंय, फुटली तर? मग पंधरा दिवस त्या घरात मागं टाकी गॅसनं भरलेली आणि पुढं यमुनाबाई ओल्या लाकडांवर फुंकणी घेऊन बसलेल्या. सोळाव्या दिवशी त्या स्वतःच वस्तीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल झालेले.

"चल बाई. माझे डोळे जायची वाट बघतेस का?"

गोजरबाई गेली. सांधे तपासले, शेगडी पेटवली, निळा जाळ आला. चहा झाला तेव्हा यमुनाबाईंनी तिच्यापुढं कान तुटलेला एक कप सरकवला. तो वेगळ्या कोनाड्यातून निघालेला तिनं पाहिला होता. तिनं कप हातात घेतला, चारी बाजूंनी निरखला आणि परत ठेवला.

"काकू, ह्याचा कान तुटलाय. मला तुमच्यासारखा द्या."

यमुनाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. राग होता, आणि पकडलं गेल्याची लाजही होती. मग त्यांनी फळीवरचा कप काढला. "घे. सांडू नकोस."

"सांडायची नाय. गवंडी हाय मी."

त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं, ते भांडणानंच जमलं. आठवड्यातून एकदा शेणकाला ढवळायच्या निमित्तानं गोजरबाई तिथं जायची, यमुनाबाई तिच्या पदराच्या चिखलावरून बोलायच्या, ही त्यांच्या शिळ्या चहापत्तीवरून, आणि दोघींनाही बरं वाटायचं.

पंधरा वर्षांत टाक्या झाल्या त्रेचाळीस. एकाही घुमटाला तडा नाही. बोट ठेवायला जागा नाही असं काम. पण सरकारच्या हरितग्राम ऊर्जा कक्षाच्या रजिस्टरात ‘बांधणारा गवंडी’ या रकान्यात त्रेचाळीस वेळा लिहिलेलं नाव होतं बन्सी साळवे. दाखला त्याचा, म्हणून नाव त्याचं. गोजरबाई खाली, बिगारींत. ती दर वेळी विचारायची. साहेब बदलायचे, उत्तर तेच: "मावशी, घर तर एकच ना तुमचं? त्यांचं नाव काय अन् तुमचं काय." हे ऐकलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढा काय फरक नसेल तर माझंच लिहा की, असं ती म्हणायची, आणि साहेब घड्याळात बघायचे.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी, पुढच्या वर्षी त्याहून कमी, आणि २०१८ साली तर आभाळानं तोंडाला पानंच पुसली. दिवाळीनंतर गावात टँकर सुरू झाला. दोन घनमीटरच्या टाकीला रोज चार-पाच जनावरांचं शेण लागतं आणि शेणाइतकंच पाणी लागतं. माणसाला प्यायला हंडा मोजून, तिथं शेण कालवायला पाणी कोण देणार? आणि शेण तरी कुठलं? जनावरं अर्धी वैजापूरच्या बाजारात गेली, उरलेली चारा छावणीत. एकेक करून टाक्या निजल्या. माघ संपता संपता त्रेचाळीसपैकी सहा चालू होत्या, त्याही बोअर असलेल्यांच्या. बाकीच्या घरांत कुठं सिलिंडर आला, कुठं परत चूल. गावाच्या वेशीवर मात्र पाटी तशीच: ‘शंभर टक्के धूरमुक्त गाव’. पाटीखालून सरपणाच्या मोळ्या जात होत्या.

अशात विश्वजित साहेब आले. कक्षाचे नवे अधिकारी, तिशीतला मुलगा, नोकरी अजून कच्ची, बोलायला गोड. बन्सीच्या खाटेशी बसून त्यानं आधी त्याच्या पाठीची चौकशी केली, मग विषय काढला. आपल्या राज्याचा आणि शेजारच्या राज्याचा करार झाला होता. दोघांनी मिळून स्वच्छ ऊर्जा वाढवायची, हवेत जाणारे वायू कमी करायचे. त्यांच्याकडचं सौरपंपाचं काम आपण शिकायचं, आपल्याकडचं गोबरगॅसचं त्यांनी. ते चारशे टाक्या बांधणार होते, आणि नमुना म्हणून त्यांना दाखवायला निवडलेलं गाव होतं खामखेड.

"शेण उघड्यावर कुजलं की त्यातला गॅस वर जाऊन आभाळ तापवतो, मावशी," तो समजावून सांगू लागला. "टाकीत धरून जाळला की ते टळतं, शिवाय लाकूड वाचतं. तुमच्या त्रेचाळीस टाक्यांनी किती टन वाचले ते आपण कागदावर काढलंय."

"येवढं आभाळ निवलं म्हनता, तर पाऊस कुठं हाय साहेब?"

तो हसला. मग त्यानं पिशवीतून एक जाड कागद काढून तिच्यापुढं धरला. गोजरबाई साक्षरता वर्गात वाचायला शिकलेली. एकेक अक्षर जोडत तिनं वाचलं. ‘गोजरबाई बन्सी साळवे, प्रशिक्षक गवंडी’. खाली राजमुद्रा. शेजारच्या राज्यात सहा महिने जाऊन तिथल्या बायांना टाकी बांधायला शिकवायचं.

"परवा पाहुणे येतील, त्यांच्या हस्ते देऊ," म्हणत साहेबानं कागद परत पिशवीत ठेवला. खरं सांगायचं तर गोजरबाईला त्या क्षणी तो हिसकावून घ्यावासा वाटला. पंधरा वर्षं तिला हेच हवं होतं. तिनं त्या दिवशी दोनदा भाकरी करपवली आणि बन्सीनं दोन्हीदा ती तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती यमुनाबाईंकडं गेली. पाहुण्यांना तिथंच न्यायचं ठरलेलं, कारण गावातली पहिली टाकी ती. गोठा रिकामा होता. शेवटची गाय माघात छावणीला गेलेली. गोजरबाईला वाटलं होतं, साहेब दुसऱ्याकडून शेण आणून थोडा तरी गॅस धरायला लावतील. आता वेळ उरला नव्हता म्हणून ती मनात चडफडत होती. आत शिरते तो काय, तिच्या शेगडीचा बर्नर उपसून ओट्यावर ठेवलेला आणि शहरातून आलेला एक मेकॅनिक शेगडीत डोकं घालून बसलेला. शेजारी दुधाचं पातेलं बुडापासून काठापर्यंत काळंठिक्कर.

"ह्यानं जाळ माळ्याला लावला असता माझ्या," यमुनाबाई म्हणाल्या. "हातभर पिवळी ज्वाळा!"

गोजरबाईला सांगायची गरज नव्हती. गोबरगॅसच्या शेगडीचं भोक मोठं असतं. तिच्यावर सिलिंडरचा गॅस सोडला की जाळ पिवळा होतो, काजळी धरतो आणि पदर शोधत येतो. ती नळीच्या मागं मागं गेली. खिडकीबाहेर, भिंतीच्या कडेनं, गोठ्यात. तिथं कडब्याच्या चार पेंढ्यांआड सिलिंडर बसवलेला. आणि त्याच्याशेजारी विश्वजित साहेब, रुमालानं मान पुसत.

"मावशी, ऐकून घ्या."

"ऐकते की. बोला."

"टाकी चांगली आहे हे खोटं आहे का? नाही. गॅस देत होती हे खोटं आहे का? तेही नाही. आता दुष्काळ पडला त्याला तुम्ही-मी काय करणार? पाहुण्यांना नुसता जाळ दाखवायचा. मेकॅनिक भोक बारीक करतोय, जाळ निळा येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर यादी गेलीय मावशी, त्रेचाळीस चालू म्हणून. माझं काय होईल?"

"अन् मी पेटवायची?"

"तुम्हीच पेटवता ना नेहमी. सगळ्यांना माहितीय." त्यानं रुमाल खिशात ठेवला. "तुमचा कागद तयार आहे. उद्या हातात असेल."

वाईट माणूस नव्हता तो. तेच तर अवघड होतं. वाईट असता तर तिनं दोन शिव्या हासडून मोकळं व्हायला किती वेळ लागला असता? हा पोरगा खरोखर घाबरला होता. ती परत आत आली आणि यमुनाबाईंना विचारलं, "काकू, तुमचं काय म्हननं?"

"घर माझं," यमुनाबाई म्हणाल्या, "पण शेगडी तुझी. मला दिसतं किती, मी काय सांगू जाळाचा रंग."

घरी बन्सीला सगळं सांगितलं. बन्सी छताकडं बघत म्हणाला, "एका दिवसाचा खेळ हाय. कागद मिळतोय तर घे अन् मोकळी हो. हात दाखवून अवलक्षन कामून करती?"

"तुमाला काय जातंय म्हनायला. तुमचं नाव हाय रजिस्टरात."

पंधरा वर्षांत ती हे वाक्य नवऱ्याला कधी बोलली नव्हती. बोलून गेली, आणि तिचंच तिला लागलं. बन्सीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या भिंतीवर त्याचा दाखला होता.

सकाळी गावात मांडव पडला. दोन गाड्या आल्या. शेजारच्या राज्यातून आलेली चार माणसं, त्यांची पुढारी वैदेही नावाची इंजिनियर बाई. पन्नाशीची, पायात साधी चप्पल, बोलणं दख्खनी हिंदी. सत्कार झाले, नारळ झाले, आकड्यांचा फलक वाचून झाला. सगळे यमुनाबाईंच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे राहिले. विश्वजित साहेबानं काडेपेटी गोजरबाईच्या हातात दिली. त्याच्या काखेत ती पिशवी होती आणि तिच्यातून जाड कागदाचं टोक दिसत होतं.

गोजरबाई शेगडीसमोर बसली. काडी काढली. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. तिच्या मनात आलं, ह्या ओट्यापाशी येऊन बसायला मी पंधरा दिवस भांडले. कपासाठी भांडले. ते काय हा जाळ पेटवायला? तिनं काडी परत पेटीत घातली आणि पेटी ओट्यावर ठेवली.

"मॅडम," ती वैदेहीकडं वळून म्हणाली, "ये गॅस मेरे टाकी का नै है. सिलिंडर का है. सिलिंडर गोठे में रख्खेला है."

कुणीतरी खोकलं. विश्वजित साहेब म्हणाला, "मावशी, तसं नाही, ते बॅकअप म्हणून..."

"चला, टाकी दाखवते," गोजरबाई उठली. "अब आयेच है, तो सच्ची का देख के जाओ."

मागं जाऊन तिनं निकासाच्या हौदावरची फरशी सरकवली. आत शेणकाला वाळून भेगाळलेला, वर पाचोळा. वैदेही उकिडवी बसून वाकून बघू लागली.

"कबसे ऐसा है अम्मा?"

"माघ से. गाँव में त्रेचाळीस टाकी है. चालू सहा."

"और ये कागज पे तो पूरे चालू हैं."

"कागज पे है. कागज शेण नै खाता, पानी नै पीता." मग मात्र तिला दख्खनी पुरेना, ती आपल्या बोलीवर आली आणि विश्वजित साहेबाकडंच बघून बोलू लागली. "घुमट ठोकून बघा, खनखनीत हाय. बांधनीत खोट नाय. पर दुष्काळ पडला की मानूस आधी जनावर सोडतं, हे तुमच्या हिशोबात कुठं लिवलंय? जनावरं छावणीत हायती, नऊशे. शेनाचे ढीग लागलेत तिथं. तुमी म्हनता ना, उघड्यावरचं शेन आभाळ तापवतं? मंग ते तिकडं तापवतंय, अन् तुमी इकडं माझ्या रिकाम्या टाकीत वाचलं म्हनून मोजता! छावणीत टाकी बांधू द्या म्हनून दोन अर्ज दिले मी. योजना घरासाठी हाय, छावणीसाठी नाय, म्हनून परत आले. ताकाला जायचं तर भांडं कामून लपवायचं? मॅडम, तुमी चारशे बांधा, पन जनावर जिथं जातं तिथं बांधा. नायतर तुमच्याबी वेशीवर नुसती पाटी राहील."

वैदेहीला किती कळलं कुणास ठाऊक. पण तिनं वही काढली आणि उभ्यानं बराच वेळ लिहीत राहिली. "हौ, समझी," एवढंच ती म्हणाली. तासाभरात गाड्या गेल्या. गावातले दोघं-तिघं मात्र जाता जाता गोजरबाईला ऐकवून गेले की एका बाईनं गावाचं नाक कापलं. तिनं उलट ऐकवलं की नाक शाबूत असतं तर आधी वास आला असता. विश्वजित साहेबानं शेवटी पिशवी उचलली. कागदाचं टोक त्यानं आत दाबलं आणि तिच्याकडं न बघता निघून गेला.

तेव्हा मात्र तिला रडू आलं. आपण केलं ते बरोबर केलं याची खात्री होती, पश्चात्ताप तसूभर नव्हता, आणि तरी तो कागद गेला याचं दुःख पोटात मावत नव्हतं. दुष्काळातलं अर्ध्या हंड्याचं पाणी काढून यमुनाबाईंनी तिला तोंड धुवायला दिलं.

दीड महिना गेला. कक्षाकडून कुणी फिरकलं नाही. मग चैत्रात एका सकाळी विश्वजित साहेब आले, या वेळी एकटे, मोटारसायकलवर. आल्या आल्या बन्सीच्या खाटेवर एक यादी ठेवली.

शेजारच्या राज्याचं पत्र आलं होतं. करार मोडलेला नव्हता, पण त्यांनी कळवलं होतं की वरवरचे आकडे आम्ही धरणार नाही. प्रत्येक टाकीची आजची स्थिती, ती ज्यानं बांधली त्या गवंड्यानं स्वतः पाहून, सही करून द्यावी. सही नसेल तर टाकी मोजली जाणार नाही. दोन्ही राज्यांत हाच नियम.

"बन्सीभाऊ, त्रेचाळीस सह्या हव्यात. रजिस्टरात तुमचं नाव आहे."

बन्सी हा आयुष्यात कुणाला ‘नाय’ न म्हटलेला माणूस. ठेकेदारानं तुटकी परांची दाखवून चढ म्हटलं तरी चढलेला. त्यानं यादी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि परत ठेवली.

"मी नाय करायचा."

"म्हणजे?"

"मी पयली टाकी खाटंवरून बघितली. दुसरीलाबी खाट होती. तिसरीपासून घरी हाय. बांधली हिनं. जिनं बांधली तिची सही घ्या."

"अहो पण रजिस्टर..."

"मंग रजिस्टर बदला." बन्सीनं यादी साहेबाकडं सरकवली. "पंधरा वर्स माझं नाव लिवलं, मी गुमान लिवू दिलं. चुकलंच माझं. आता तुमी कायबी करा साहेब, माझा हात उचलायचा नाय."

गोजरबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. विश्वजित साहेबानं खिशातलं पेन काढलं, यादीवरचं ‘बन्सी साळवे’ आडवी रेघ मारून खोडलं आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: गोजरबाई बन्सी साळवे. शेजारी आपली बारीक सही केली. त्रेचाळीस ओळींवर त्रेचाळीस वेळा.

"नोकरी गेली तर तुमच्या हाताखाली बिगारी म्हणून घ्या मावशी," तो म्हणाला.

"घमेलं उचलंल का तुला?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती.

तीन दिवस दोघं गावभर फिरले. गोजरबाई प्रत्येक घुमटावर थापीचा दांडा ठोकून आवाज ऐकायची, हौद उघडून बघायची, तोटी फिरवून हुंगायची, आणि सांगेल तसं विश्वजित साहेब लिहायचा. सहा टाक्यांपुढं ‘चालू’ आलं. सदतीस टाक्यांपुढं ‘बंद’. शेऱ्याच्या रकान्यात तिनं या सदतिसांपुढं एकच वाक्य लिहायला लावलं: टाकी धड आहे, जनावरं छावणीत.

चौथ्या दिवशी सह्या करायला ती बन्सीच्या खाटेशी मांडी घालून बसली. चालू टाक्यांचा कागद आधी आला. सहा सह्या. अक्षर मोठं, गोल, वर्गात गिरवलेलं. त्या संपताच विश्वजित साहेबानं दुसरे कागद उचलून बाजूला ठेवले.

"मावशी, बंद असलेल्यांवर सही केली नाही तरी चालेल. त्या मोजायच्याच नाहीत. उगाच उद्या कुणी म्हणेल, सदतीस टाक्या बंद म्हणजे गवंडीच कच्चा. तुमचं नाव पहिल्यांदाच कागदावर येतंय, ते चांगल्यावरच येऊ दे."

गोजरबाईनं हात पुढं केला.

"आन इकडं. त्याबी मीच बांधल्यात."

त्यानं कागद दिले. ती एकेका घराचं नाव मोठ्यानं वाचत सही करत गेली, कुलकर्णींच्या टाकीवरही. शेवटी शेवटी बोटं आखडली, अक्षरं रेघेच्या खाली घसरली, पण सदतिसांतला एकही रकाना तिनं मोकळा सोडला नाही.